आत्म्याला सर्दी

आईला सर्दी झाली होती, तरी ती बोलायची थांबेना.

"नाक किती चोंदलंय तुझं. बरी झालीस की करू रेकॉर्ड," मी म्हटलं.

"बरी झाल्यावर मला काही आठवायचं नाही. लाव ते."

ती शिलाई मशीनपाशी बसली होती. मांडीवर कुणाची तरी पँट, तिची उसवलेली शिवण, तोंडात टाचणी. मी मोबाइल बॉबिनच्या डब्याला टेकवून उभा केला. आठवडाभर आमचं हेच चाललं होतं. दूर राहणाऱ्या नातवंडांनी विचारलं होतं, आजी लहान असताना देवाला मानायची का? उत्तर एका वाक्यात देण्यातली आई नव्हती. रोज दुपारी ती एक आठवण सांगायची आणि संध्याकाळी मी ती घरच्या ग्रुपवर टाकायची. त्यातून आम्हाला कळलं की आई आणि तिची मोठी बहीण, म्हणजे माझी मावशी, गल्लीच्या टोकाच्या प्रार्थनाघरात मुलींच्या गटात गायच्या. गाणं शिकवणाऱ्या बाईंना सगळ्या मुली कडकबाई म्हणायच्या. त्यांची पट्टी सुरापेक्षा बोटांवर जास्त चालायची.

त्या दिवशी आईने देवाशी केलेला करार सांगितला. "मी म्हटलं, मला गणितात पास कर, मी अक्काशी आठवडाभर भांडणार नाही. दोघांनीही शब्द पाळला नाही." मग नाक ओढून म्हणाली, "आता बंद कर ते. एक गंमत सांगते."

मी बंद केलं.

"परवाच्या त्या अंधाराच्या गोष्टीत मी थोडी लबाडी केलीय."

अंधाराची गोष्ट सगळ्यांना आवडली होती. प्रार्थना चालू असताना लाइट गेले, मिट्ट काळोख झाला, मुली घाबरल्या, पण गाणं कुणी थांबवलं नाही. अक्काने माझा हात घट्ट धरला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही, असं आईने सांगितलं होतं. मावशीने त्यावर ग्रुपवर रडण्याच्या चेहऱ्यांची रांग लावली होती.

"अक्का तिथे नव्हतीच. हसली म्हणून कडकबाईंनी तिला बाहेर काढलं होतं. ती पायरीवर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसली होती."

"मग हात कुणाचा?"

"कडकबाईंचा. आणि कसा थरथरत होता गं! आम्हा पोरींपेक्षा त्याच जास्त घाबरलेल्या."

"मग खोटं का सांगितलंस?"

आईने दोरा दाताने तोडला. "अक्का ऐकणार ना ते. तिला जन्मभर वाटतंय की आपल्याला बाहेर बसवलं. म्हटलं, एका गोष्टीत तरी तिला आत घ्यावं."

"आणि हा म्हणे घराचा इतिहास!"

"ए, मुद्रितं तपासणारीण! उद्या खरं सांगेन. उद्या लाव परत."

मी शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. दुसऱ्याच्या चुका पकडणं हेच माझं पोट. त्यामुळे घरात माझी अशीच थट्टा व्हायची. संध्याकाळी अण्णा, माझे वडील, त्यांच्या चष्म्याच्या दुकानातून आले. आईने त्यांना चहात साखर कमी घालण्यावरून बोलून घेतलं, स्वतः सर्दीची गोळी घ्यायला विसरली, आणि पँटची शिवण पुरी करून झोपली.

सकाळी ती उठली नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकली, असं डॉक्टर म्हणाले. यात कुणाचा दोष नव्हता. अर्थही काही नव्हता. ते सहन होत नाही माणसाला. दोष चालतो, शिक्षा चालते, पूर्वजन्मीचं काहीही चालतं, पण अर्थच नाही हे चालत नाही. अशा घराचं दार ठोठावायला कुणी ना कुणी येतंच.

आमच्याकडे वाणीमाई आल्या, मावशीच्या मार्फत.

"अगं, माईंच्या तोंडून गेलेली माणसं बोलतात. आवाज हुबेहूब! आणि पैसा? शिवत नाहीत पैशाला."

"मावशी, फसवणारा पैसेच घेतो असं कुणी सांगितलं? काहींना माणसं लागतात."

"तुला पुस्तकं वाचून वाचून काही शिल्लकच राहिलं नाही बघ," मावशी म्हणाली आणि अण्णांना घेऊन गेली.

अण्णा परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. आई गेल्यापासून तो चेहरा मी पाहिला नव्हता. ते जेवले. आपणहून वाढून घेतलं. मी विचार केला, असू दे. म्हातारा माणूस आहे, कुणाचं काय जातंय? त्यानंतर प्रत्येक शनिवारी ते दुकान लवकर बंद करून जाऊ लागले.

मग त्यांच्या पायांवर सूज दिसली. जिना चढताना मध्येच थांबू लागले. मी त्यांच्या हृदयाच्या गोळ्यांचा डबा उघडला तर तो भरलेलाच.

"अण्णा, गोळ्या?"

"बंद केल्यात."

"कुणी सांगितलं?"

"हिनेच." ते शर्टाचं बटण लावत शांतपणे म्हणाले. "औषधांच्या रसायनांनी लहरी अडतात. म्हणून मला तिचा नुसता आवाज येतो, स्पर्श होत नाही. ती म्हणाली, गोळ्या सोडा, मग मी तुमच्या खांद्यावर हात ठेवीन."

मी डॉक्टरांकडे धावले. ते चष्मा पुसत म्हणाले, "ठोके ताळ्यावर राहावेत आणि रक्ताची गुठळी होऊ नये, म्हणून त्या गोळ्या आहेत. काहीही करा, पण चालू करा. नाहीतर जे आईंचं झालं तेच यांचं होईल. केव्हा, ते मी सांगू शकत नाही."

म्हणजे कुणाचं काय जातंय, या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. त्या शनिवारी मीही गेले.

फर्निचरच्या दुकानावरचा मोठा हॉल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या भरून लोक भिंतींना टेकून उभे होते. समोर पांढरी चादर घातलेला सोफा. त्याच्या पायाला खालच्या दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. एक टक्कल पडलेले गृहस्थ माइक घेऊन फिरत होते.

"मोबाइल बंद ठेवा, लहरींना त्रास होतो. प्रश्न मनात ठेवा, ओठांवर आणू नका. आणि ज्यांनी अजून नमुना जमा केला नसेल, त्यांनी बाहेर जाताना माझ्याकडे द्यावा."

वाणीमाई आल्या. साधी सुती साडी, थकलेला चेहरा. शाळेतल्या एखाद्या मायाळू बाई वाटाव्यात अशा. त्यांनी डोळे मिटले. हॉलमध्ये पंख्यांचा तेवढा आवाज उरला.

"वर आज फार गर्दी आहे," त्या म्हणाल्या. "खालच्या स्तरावरचे मागे व्हा... ढकलू नका... हं. एक बाई पुढे येतायत. हातात सुई आहे."

अण्णांनी माझा दंड धरला.

"अहो," वाणीमाई म्हणाल्या. "जेवलात का?"

खोटं कशाला बोलू? माझ्या अंगावर काटा आला. तीच लकब, वाक्याच्या शेवटी तेच खाली येणं. लोकांनी 'आहाहा' केलं. मावशीने पदर तोंडाला लावला. अण्णा खुर्चीतून अर्धे उठले होते, आणि बसायचं विसरले होते.

"मी इथे सुखात आहे. गोळ्या सोडल्यात ना? थोडाच धीर धरा आता."

आणि तिने नाक ओढलं.

मी ताठ बसले. आवाज आईचाच होता, पण एका विशिष्ट आठवड्यातल्या आईचा. नाक चोंदलेलं, घसा खरखरणारा. जन्मभर ऐकलेला तिचा मोकळा, खणखणीत आवाज त्यात कुठेच नव्हता. शरीर सोडून, वरचे सगळे स्तर पार करून आत्मा गेला होता आणि सर्दी मात्र बरोबर घेऊन गेला होता.

घरी आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, आत्म्याला सर्दी कशी होते? नाक कुठे असतं त्याला?"

अण्णांनी क्षणभरही विचार केला नाही. "ती गेली तेव्हा सर्दी होतीच तिला. तशीच गेली ती."

ज्याला मानायचं आहे त्याच्याकडे उत्तर तयार असतं. मला उत्तर नसलेला प्रश्न हवा होता. मी मावशीला फोन केला.

"मावशी, त्यांना नमुना दिला होतास का गं?"

"दिला की! तुझ्या आईची सगळी रेकॉर्डिंग पाठवली. आवाजाची ओळख पटल्याशिवाय माई एवढ्या आत्म्यांतून कसं शोधणार?"

"म्हणजे गाणं आधी शिकवायचं, आणि मग म्हणायचं, बघा कसं येतं!"

"तुझ्या आईवर तरी कुत्सित बोलू नकोस," मावशीने फोन ठेवला.

उत्तर नसलेला प्रश्न माझ्याकडे होता, हे मला तेव्हाच कळलं. रेकॉर्ड न झालेली ती दुपार माझ्याकडे होती. पण तो प्रश्न विचारायचा म्हणजे आईने प्रेमाने मावशीला दिलेली जागा भर सभेत काढून घ्यायची. आठवडाभर मी ते टाळायच्या वाटा शोधल्या. अण्णांना समजावलं, रागावले, डॉक्टरांना घरी आणलं. अण्णा डॉक्टरांना म्हणाले, "तुम्ही तुमच्या जागी बरोबर आहात," आणि गोळी जिभेखालून काढून कुंडीत टाकली. मी ती कुंडीतून उचलली. त्या गोळीने माझा निर्णय पक्का केला.

पुढच्या शनिवारी हॉलचा जिना चढताना अण्णा तीनदा थांबले. ओठ निळसर दिसत होते. वर पुन्हा तीच गर्दी, तोच सोफा, वरच्या स्तरावर तीच ढकलाढकली. एकाच्या आजोबांनी घर विकू नको म्हणून सांगितलं, एकीच्या नवऱ्याने तिची मागाहून माफी मागितली. जिवंतपणी त्याला ते जमलं नव्हतं म्हणे. मग सुई घेतलेली बाई पुढे आली.

"अक्का," वाणीमाई नाकात म्हणाल्या, "अंधारात तू माझा हात धरला होतास. आठवतं? तो हात मी अजून सोडलेला नाही."

हॉलमध्ये हुंदका फिरला. मी उभी राहिले.

"मला एक विचारायचंय."

"प्रश्न मनात ठेवा, ताई," माइकवाले म्हणाले.

"मनात फार दिवस ठेवलाय. मी यांची मुलगी आहे. आई, लाइट गेले तेव्हा तुझा हात कुणी धरला होता?"

वाणीमाईंच्या मिटलेल्या पापण्या हलल्या. "अक्काने."

"नक्की?"

"घट्ट धरला होता. गाणं संपेपर्यंत."

"आत्मा खोटं बोलत नसतो, ताई. बसा आता," माइकवाले म्हणाले.

"नसतो ना? सगळ्यांनी ऐकलंत ना?" मी मावशीकडे वळले. तिचा चेहरा पाहून माझं धैर्य गळालं होतं, तरी मी विचारलं. "मावशी, तू कुठे होतीस तेव्हा?"

मावशी माझ्याकडे बघत राहिली. ती काय तोलत होती ते मला दिसत होतं. एका बाजूला खरं, दुसऱ्या बाजूला बहिणीचा हात. तो हात तिने धरला नव्हता, पण रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकून आता तिलाही तो आठवायला लागला असावा. तिने अण्णांकडे पाहिलं. ते खुर्चीत धापा टाकत होते, निळ्या ओठांनी, आणि हसत होते.

"मी बाहेर होते," ती पुटपुटली.

"काय म्हणाल्या?" मागून कुणीतरी ओरडलं.

"बाहेर होते मी!" मावशी उठली. "पायरीवर! चपलांपाशी! मला हाकललं होतं त्या दिवशी. मी कुणाचाही हात धरला नव्हता!"

वाणीमाईंनी डोळे न उघडताच हात वर केला. "आत्म्याला स्थळाचं बंधन नसतं. अक्का, तू देहाने बाहेर होतीस, मनाने आत होतीस."

"मनाने कसली आत? मनाने मी त्या कडकबाईला शिव्या घालत होते! आणि माझी बहीण हे जाणून होती. तिने कुणाला विचारायची गरज नव्हती!"

कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी कुणी. माइकवाले माझ्यापासून माइक लांब घेऊन गेले. मला त्याची गरज नव्हती.

"ऐका," मी म्हटलं. "माझ्या आईने बहिणीला बरं वाटावं म्हणून आठवण थोडी बदलून सांगितली, आणि ती फोनमध्ये रेकॉर्ड झाली. दोन दिवसांनी तिने मला खरं सांगितलं, तेव्हा फोन बंद होता. आता मला सांगा, माझी आई जर खरंच इथे बोलत असेल, तर तिला फोनमधली चूक तेवढी आठवते आणि तिचं स्वतःचं खरं आठवत नाही, हे कसं? त्या आठवड्यात तिला सर्दी होती, म्हणून इथे आत्म्यालाही सर्दी आहे. वाणीमाईंना आईकडून काही कळत नाही. त्यांना आमच्या फोनकडून कळतं. तुमच्यापैकी नमुना कुणी कुणी दिला होता? हात वर करा."

मग एक हात वर गेला. मग इकडे तिकडे, मग पंख्याखाली नुसते हातच हात.

पुढच्या रांगेतले एक आजोबा हात वर धरूनच म्हणाले, "मी मुलाचा मेसेज दिला होता. त्यात तो घाईत आहे. 'बाबा, नंतर बोलतो' म्हणतो. इथेही दर वेळी तो घाईतच असतो. मला वाटायचं, वरसुद्धा काम आहे त्याला." त्यांनी हात हळूच खाली घेतला. कुणी हसलं नाही.

"माईंचा अपमान होतोय!" माइकवाल्यांनी गळा काढला.

"तर मग माईंनी एकच करावं," मी म्हटलं. "नमुना न दिलेल्या माणसाचा आवाज काढून दाखवावा. एकाचा. मी इथेच बसते आणि माफी मागते."

वाणीमाईंनी डोळे उघडले. आपल्या नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "मी लोकांना दिलासा देते."

"माझ्या वडिलांची औषधं बंद केलीत तुम्ही. गेलेल्या बाईच्या आवाजात. दिलाशाचं नाव घेऊ नका. आणि तुम्हीही, मंडळी, मला मानू नका. माझ्यावर विश्वास ठेवा, असं सांगायला मी आलेले नाही. घरी जा, जे दिलंत ते ऐका, इथे काय ऐकलंत ते आठवा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. त्याला शिक्षण लागत नाही. जे आपण दिलं नव्हतं असं एक वाक्य सापडलं, तर मला येऊन सांगा. माझं घर चष्म्याच्या दुकानामागे आहे."

लोक उठायला लागले. काही माझ्याकडे रागाने बघत गेले. एक बाई म्हणाली, "काय मिळालं तुला?" तिच्या रागाचं मला नवल वाटलं नाही. तिचं माणूस मी दुसऱ्यांदा नेलं होतं.

जिन्यात मावशीने माझी बाही ओढली. "तिने मुद्दाम घातलं होतं मला त्या गोष्टीत?"

"हो. म्हणाली, एका गोष्टीत तरी अक्काला आत घ्यावं."

मावशीने डोळे पुसले. "वेडी. माझ्याशी भांडणार नाही म्हणून देवाला सांगायची आणि रोज भांडायची." मग आवाज करडा झाला तिचा. "हे खरं तुझ्या त्या इतिहासात घाल. चपलांसकट घाल. ते माझंच आहे." ती पुढे गेली, रिक्षा थांबवायला.

म्हणून हे आईच्या आठवणींना जोडते आहे. नातवंडांनी विचारलं होतं ना, आजी देवाला मानायची का? मानायची. अंधारात गाणं न थांबवण्याइतकी. पण त्या हॉलमध्ये तिला बसवलं असतं तर ती चप्पल घालून निघून आली असती, एवढंही तुम्हाला माहीत असावं.

अण्णा जिन्याच्या वळणावर कठडा धरून उभे होते. मी त्यांच्या दंडाला हात दिला, तो त्यांनी झटकला.

"एवढं तरी राहू द्यायचं होतंस मला," ते म्हणाले. "आठवड्यातून एकदा. कुणाचं काय अडलं होतं?"

"अण्णा, तुम्हाला धड उभं राहता येत नाहीये."

"मला माहीत होतं." ते भिंतीकडे बघत होते. "मी दुसऱ्यांचे डोळे तपासतो, मला काय आंधळा समजलीस? पहिल्याच दिवशी वाटलं होतं. पण ती 'अहो' म्हणायची. घरात आता मला अहो कोण म्हणणार?"

मी पर्समधून गोळी काढली, पाण्याची बाटली काढली. लोक आमच्या बाजूने खाली उतरत होते. आई गेली, आई नाही, आई असती तर, असं सगळं मी इतके दिवस म्हणत आले. घरात सगळेच तसं म्हणतात. साधा शब्द कुणी उच्चारत नाही. मीही नाही. पुस्तकांच्या पानांवर दुसऱ्यांचे गोलमोल शब्द रोज खोडणारी मी.

"आई मेली, अण्णा," मी म्हटलं. आवाज जिन्यात घुमला, दोन माणसं वळून बघायला लागली. बघू देत. "मेली. ती आता बोलणार नाही, माझ्याशी नाही, तुमच्याशी नाही, कुणाच्याच तोंडून नाही. आणि मला तुम्ही हवे आहात. मी कधी म्हटलं नाही, आता म्हणते. मला तुम्ही जिवंत हवे आहात. घ्या ही गोळी."